तीन बोर्ड घ्यायचे होते : बामणोलीच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ओवाळून झालं, अक्कानं ताट खाली ठेवलं आणि भाच्यानं मोबाइल पुढे केला. कुठल्याशा तळ्यात एक मुलगी लांबट फळीवर उभी राहून वल्हं मारतेय. ‘मामा, असले तीन बोर्ड घ्यायचेत. हवा भरून वापरायचे असतात. तुमचा धंदा ताडपत्रीचा, कुठला टिकंल ते तुम्हालाच कळणार.’

अक्काचा होमस्टे कोयनेच्या पाण्याकाठच्या बामणोलीच्या अलीकडे, चार खोल्यांचा. पाव्हणे पुण्या-मुंबईचे. सकाळी लाँचनं वासोटा किल्ल्याला जातात, चारला परत येतात आणि चहा घेता घेता ‘अजून काय आहे इथं करायला’ विचारतात. कोयना भरली की १०५ टीएमसी पाणी, पन्नासेक किलोमीटर लांब फुगवटा, आणि त्यातलं एक बोट, म्हणजे पाण्याचा चिंचोळा फाटा, अक्काच्या परसापर्यंत येऊन थांबतं. तीन बाजूंनी टेकाड, चौथ्या बाजूला मोठं पाणी. शिकाऊ माणसाला उभं करायला जागा झकास आहे.

बजेट १ लाख. मी दोन अटी घातल्या. पहिली, आधी एकच बोर्ड घ्यायचा, तो वापरायचा, मग पुढचं. दुसरी, बोट क्लबच्या मंडळींना आधी विचारायचं, काठावरून काय उतरवता येतं याची लेखी विचारणा करायची, लाँचच्या वाटेत यायचं नाही, आणि पलीकडच्या अभयारण्याच्या काठाकडे फिरकायचं नाही. भाचा ‘हो मामा’ म्हणाला. तो सगळ्यालाच ‘हो मामा’ म्हणतो. म्हणूनच ही वही.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुकान लवकर बंद करून वाचत बसलो. कडक बोर्ड पहिल्याच फेरीत बाद. साडेदहा फुटांची वस्तू टपावर बांधून कासच्या घाटातून न्यायची आणि वर अक्काच्या घरात ठेवायची कुठे? फुगवायचा बोर्ड गुंडाळला की पाठीवरच्या मोठ्या पिशवीत बसतो, वजन आठ ते बारा किलो.

मला कोडं वेगळंच होतं. हवा भरलेली वस्तू गोल व्हायला बघते. ट्यूब बघा, फुगा बघा. मग हा सपाट कसा राहतो? उत्तर वाचलं आणि आमच्या गल्लीतला गादीवाला आठवला. गादीला तो टाके मारतो ते वरचा आणि खालचा पदर एकमेकांपासून सुटू नये म्हणून. इथेही तेच, फक्त टाके हजारो, पॉलिएस्टरच्या दोऱ्याचे, आणि सगळे एका लांबीचे. हवा भरली की दोन्ही पदर बाहेर पळू बघतात आणि दोरे त्यांना धरून ठेवतात. याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. गुडइयर कंपनीनं १९५६ साली याच जातीच्या कापडाचं फुगवायचं विमान बनवलं होतं आणि ते खरोखर उडालं. हे वाचून मी मोठ्यानं हसलो, तर ‘हिशोब जुळला वाटतं’ असं आतून आलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस वसूल. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडे मेलेला बोर्ड पडून होता, तो त्यानं फुकट दिला. मे महिन्यात गाडीच्या डिकीत फुगवून तसाच ठेवला होता म्हणे. कडेचा जोड हातभर उकलला. स्वस्तातला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण डिकीत ठेवणाराचीही चूक आहेच.

दुकानात आडवा घातला आणि कटर फिरवला. आत पांढऱ्या दोऱ्यांचं रान. मोकळे असताना सगळे आडवे, पावसानं झोपवलेल्या भातासारखे. मग एक पदर मी धरला, दुसरा दुकानातल्या पोराला धरायला सांगितला आणि ओढलं. एकदम सगळे दोरे ताठ! वरचा पदर खालच्यापासून बारा सेंटीमीटरवर थांबला तो थांबलाच. आम्ही दोघांनी जोर लावला तरी एक सूत हलेना. पोरगं म्हणालं, ‘काका, हे फाडायला नको होतं.’

जोड मात्र बघण्यासारखा होता. वरच्या आणि खालच्या पदरावरून कडेची पट्टी फिरवलेली, नुसती चिकटवलेली. गोंद पिवळा पडला होता आणि नखानं पापुद्रा सुटत होता. माझ्याकडे ताडपत्रीचे जोड गरम हवेनं वितळवून मारतात, ते असे सुटत नाहीत. बोर्डमध्येही आता असे वितळवून केलेले जोड मिळतात. पहिली गोष्ट ठरली : गोंदाचा जोड नको. घ्यावाच लागला तर निदान दोन पट्ट्यांचा.

दुसरी गोष्ट जाडीची. हा बोर्ड १२ सेंटीमीटरचा, म्हणजे पावणेपाच इंची. दुकानदार ‘हलका आहे, पाण्याला जवळ राहतो’ सांगून असले विकतात. हलक्या माणसाला चालेलही. पण वासा आडवा टाकला तर वाकतो आणि उभा टाकला तर नाही, हे कुठल्याही सुताराला विचारा. दोन पदरांतलं अंतर सव्वापट झालं की ताठपणा दीडपटीच्या आसपास जातो. अक्काकडे येणारे पाव्हणे ५० ते ९५ किलोचे. त्यामुळे १५ सेंटीमीटर, म्हणजे सहा इंच, यावर आता चर्चा नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

पहिला बोर्ड मागवला. १० फूट ६ इंच लांब, ३३ इंच रुंद, ६ इंच जाड. ३८ हजार, वल्हं आणि पंप धरून.

लांबीवरून भाच्याशी वाद झाला. त्याला साडेबारा फुटी टोकदार हवा होता, ‘सुसाट जातो’ म्हणून. जातो, खरं आहे. लांब आणि निमुळता बोर्ड सरळ धावतो, दर चार वल्ह्यांनंतर बाजू बदलावी लागत नाही. पण आपले पाव्हणे आयुष्यात पहिल्यांदा उभे राहणार आणि तासाभरात उतरणार. त्यांना वेग कशाला? त्यांना न पडता फोटो पाहिजे. रुंदीचा एकेक इंच तिथे कामाला येतो. ३० इंची बोर्डवर नवखा माणूस लटपटतो, ३३-३४ वर बहुतेक जण उभे राहतात. त्याहून रुंद घेतला तर बुटक्या माणसाला वल्हं पाण्यात सरळ घालायला वाकावं लागतं.

कापड एकेरी, दुहेरी की कारखान्यातच दुसरा थर दाबून बसवलेलं, यात मी तिसरं घेतलं. एकेरी हलकं पण लवकर खरचटतं. हातानं चिकटवलेलं दुहेरी जड, आणि त्यात गोंदच किलोभर. रंगाला भाचा ‘काळा’ म्हणाला, मी पांढरा-फिका निळा लिहिला. काळी ताडपत्री उन्हात किती तापते ते मी रोज बघतो.

आणि फिन. बोर्डाच्या पोटाखालचा हा पर नसला तर बोर्ड पुढे न जाता गोल फिरतो. काही कंपन्यांचा फिनचा खाचा त्यांचा स्वतःचाच असतो. तो हरवला की त्यांचंच तोंड बघा. मी सर्रास चालणारा, लांब खाचेत स्क्रूनं बसणारा घेतला. तो सर्फच्या दुकानातही मिळतो.

८ डिसेंबर, रविवार

बोर्ड आला. दुकानात फुगवला. हात अजून दुखतायत.

पंपाचं गणित आधी करायला हवं होतं. याला १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतं. गाडीच्या चाकात तीसच्या वर भरतो म्हणून मी हसत होतो, पण तिथे कॉम्प्रेसर असतो. इथे नळकांडं दहा सेंटीमीटर व्यासाचं. म्हणजे शेवटच्या दाबाला दांड्यावर ८० किलोच्या वर भार टाकायचा. माझं वजन ८२. अक्षरशः दांड्यावर लटकलो होतो. अक्का ५५ किलोची, तिच्यानं हे होणारच नाही. पुढचा मुद्दा : होमस्टेवर रोज कोण भरणार?

एकूण २४० झटके मोजले. पहिले शंभर काहीच नाही, काट्यानं हालचाल केली नाही. पंप बिघडला म्हणून उघडायला बसलो होतो, मग कळलं की बोर्ड आकाराला येऊन ताणू लागेपर्यंत काटा उठतच नाही. त्याआधी दोन्ही बाजूंनी हवा ढकलायची, नंतर पंपाची एक बूच काढून नुसतं खाली ढकलताना भरायची.

चौदावर नेलं, नळी फिरवून काढली आणि फुस्सऽऽ! सगळी मेहनत दहा सेकंदांत बाहेर. वॉल्व्हच्या मधोमध स्प्रिंगवरची एक खिट्टी असते. ती दाबून फिरवली की खाली अडकते आणि वॉल्व्ह उघडा राहतो. भरताना ती वर उठलेली हवी. माझी खाली होती. पोरगं तेवढ्यात चहा आणायला गेलं, बहुतेक हसायला.

दुसऱ्यांदा भरल्यावर जोडांवर आणि वॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं. वॉल्व्हच्या कडेला एक बारीक बुडबुडा. सोबत आलेल्या पान्यानं पाव फेरी आवळला, बंद.

मग माझ्या मनातली परीक्षा. सहा फुटांवर दोन स्टुलं, त्यावर बोर्ड, मधोमध २० लिटरचे पाण्याचे चार जार. खाली वाक मोजला. ८ पीएसआयला ७ सेंटीमीटर, १२ ला ४, १५ ला ३. बोर्ड तोच, कापड तेच. म्हणजे ‘हा बोर्ड मधे बसतो’ अशी तक्रार करणारे निम्मे लोक बाराला थकून थांबलेले असणार, पैज लावतो.

१५ डिसेंबर, रविवार

पाण्यात उतरलो. सकाळी साडेसात. धुकं पाण्यापासून वीतभर वर, वारा शून्य.

घरामागे १५ भरला होता. पाण्यात ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा पंप लावून बघितला तर साडेतेरा. गळती शोधत बसलो नाही, कारण यावेळी अक्कल आधी आली. पंपानं दाबलेली हवा गरम होते, पाण्यानं ती थंड पडली की दाब उतरतो. पाण्याचं तापमान मोजायला घरातला ताप बघायचा थर्मामीटर नेला होता. तो पस्तिसाच्या खाली उतरतच नाही. हिनं तो परत घेतला आणि मला काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. आता पाण्यात ठेवून, जरा थांबून, पुन्हा वीस झटके मारायचे असा नियम.

आधी मी. गुडघ्यांवर बसून काठापासून पन्नास फूट. मग बोर्डाच्या मधल्या कडीच्या दोन्ही बाजूंना तळवे, एक पाय, दुसरा पाय, उभा. खाली पायांकडे बघितलं की पाय लटलट कापतात. समोरच्या डोंगराकडे बघितलं की थांबतात. सायकल शिकताना चाकाकडे बघू नको म्हणायचे, तसंच. वय ५४, पडलो नाही. भाचा तीनदा पडला.

तो पडला त्याचं कारणही सापडलं. वल्हं उलटं धरत होता. पात्याला दांड्याशी जरासा कोन असतो. सगळ्यांना वाटतं पळीसारखं आपल्याकडे ओढायचं, म्हणजे खोलगट बाजू आपल्याकडे. उलट आहे. पातं पुढच्या बाजूला झुकलेलं हवं, म्हणजे ओढ संपताना ते पाणी वर उचलत नाही. लांबी डोक्याच्या वर वीतभर. हात सरळ वर करून मनगट दुमडलं की मूठ तिथे यायला हवी.

लाँच लांबून गेली. तिची लाट दोन मिनिटांनी आली. गुडघे सैल सोडले, बोर्ड खालून निघून गेला आणि परत आला.

२९ डिसेंबर, रविवार

आज चुकलो. नीट लिहून ठेवतो.

पाव्हण्यांची गर्दी म्हणून सकाळ गेली, दुपारी दीडला उतरलो. बोटाच्या आत पाणी आरशासारखं. भाचा बोर्डवर, मी शेजाऱ्याच्या कयाकमध्ये. टेकाडाच्या टोकाला वळसा घालून मोठ्या पाण्याकडे गेलो. जाताना काय मजा, वल्हं न मारता बोर्ड चालतोय. भाचा ओरडला, ‘मामा, जमलं!’ जमलं नव्हतं, पाठीवर वारा होता.

परत फिरलो तेव्हा कळलं. उभा माणूस म्हणजे शीड. बोर्ड सहा इंच जाड, पाण्यात जेमतेम दोन-तीन इंच, बाकी सगळा वाऱ्याच्या तावडीत. भाचा जीव खाऊन वल्हवतोय आणि काठावरचं एकच आंब्याचं झाड त्याच्या शेजारी तसंच उभं. दहा मिनिटांत झाड पुढे सरकलं. मी ओरडलो, ‘अरे बस खाली!’ गुडघ्यांवर बसल्यावर कुठे इंच इंच पुढे जायला लागला. मग एका झोतात बोर्ड आडवा झाला आणि हा पाण्यात.

पायाला दोरी होती म्हणून बोर्ड हातात राहिला. नाहीतर रिकामा बोर्ड वाऱ्यावर असा पळतो की पोहणारा त्याला गाठूच शकत नाही. लाइफ जॅकेट होतं. तरी माझे हातपाय गार पडले होते. शेवटी एका लाँचवाल्यानं बघितलं, वळवली आणि दोर टाकला. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. म्हणाले, ‘दुपारचं वारं खिंडीतनं येतंय. आधी वाऱ्याच्या तोंडाला जायाचं, मग मागं फिरायचं. दमलेल्या माणसाला वाऱ्यानं घरी आणाय पायजे, घरनं न्याय नको.’

आम्ही तिघे-चौघे दोन महिने कापड, जाडी, जोड यावर डोकं चालवत होतो. तळ्यात लाटा नसतात म्हणून पाणी सोपं समजत होतो. लाटेचा प्रश्नच नव्हता.

आजपासून : सकाळी दहाच्या आत. आंब्याच्या पुढे नाही. काठावर बांबूला रिबन, ती आडवी झाली की सगळे आत. पायाची दोरी, तीही गुंडाळीची, म्हणजे पाण्यात लोंबत नाही. कोळ्यांच्या जाळ्यांचे थर्मोकोलचे तुकडे तरंगताना दिसले की लांबून जायचं, फिन अडकतो आणि त्यांचं नुकसान होतं.

११ जानेवारी २०२५, शनिवार

भाचा बोर्ड काठावर उन्हात ठेवून जेवायला गेला. मी पोचलो तेव्हा हाताला चटका बसत होता आणि पंप लावून बघितला तर साडेअठरा. पुण्याच्या डिकीतला बोर्ड डोळ्यांपुढे आला. एकतर सावली, नाहीतर पाण्यात, नाहीतर चार-पाच पीएसआय सोडून ठेवायचा. हे तांबड्या रंगात लिहून खुंटीवर लावलं.

पैशांची फेरमांडणी. तीन बोर्डांचं डोक्यातून काढलं. दुसरा एक, ३४ इंची, ४१ हजार. तिसऱ्याच्या पैशांत गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा पंप (दहा मिनिटांत भरतो, दोन बोर्डांच्या मधे त्याला गार होऊ द्यावं लागतं), जादा फिन, दोन गुंडाळीच्या दोऱ्या आणि १०० न्यूटन तरंगशक्तीची जॅकेटं. आधीची ५० ची होती. ती पोहता येणाऱ्यासाठी ठीक. आपले निम्मे पाव्हणे ‘येतं थोडंसं’ म्हणणारे असतात. ‘थोडंसं’ म्हणजे नाही.

भाचा नाराज. एका वेळी दोघंच म्हणजे बाकीचे काठावर रांगेत. म्हटलं, उभं राहू दे रांगेत. तुझी नजर दोघांवरच पुरते.

२६ जानेवारी, रविवार

गर्दी. बावीस जण उतरले, नऊ पडले, सगळे हसत वर आले. एका काकूंनी उभं राहायला साफ नकार दिला आणि बोर्डवर मांडी घालून अर्धा तास शांत बसून राहिल्या. तेही चालतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाणी उतरतंय. नोव्हेंबरात जिथे कमरेएवढं होतं तिथे आता घोटाभर, आणि खाली जुन्या झाडांची खोडं. नऊ इंची फिन एका खोडाला अडकला, बोर्ड जागच्या जागी थांबला, पाव्हणे पुढे गेले. फिनची पट्टी वाकली आणि पोटाला बोटभर चीर.

पहिला मोह गरम हवेच्या गनचा. रोजचं हत्यार आहे. फाटक्या बोर्डाच्या तुकड्यावर आधी करून बघितलं ते बरं झालं. वरचा थर वितळून चिकटला झकास, पण खालचा फुगला आणि सुटला. मग सरळ मार्ग. हवा काढली, ॲसिटोननं जागा आणि ठिगळ दोन्ही पुसले, ठिगळाचे कोपरे गोल कापले (चौकोनी कोपरा आधी उचकटतो), दोन भागांचा पीयू (पॉलीयुरेथेन) गोंद कालवून दोन्हीकडे पातळ हात, वाळू दिला, दुसरा हात, बोटाला चिकचिक लागेपर्यंत थांबलो आणि मधून बाहेर दाबत बसवलं. वरून वाणसामानाचं वजन, चोवीस तास. दुसऱ्या दिवशी १५ भरून साबण लावला. बुडबुडा नाही.

उथळ पाण्यासाठी चार इंची फिन बघायचा. बोर्ड कमी सरळ जाईल, पण जाईल.

२ मार्च, रविवार

काठ आणखी खाली. गाळातून चालताना गुडघा जातो. भाच्यानं जुन्या दाराच्या फळ्या टाकून वाट केली.

१८ मे, रविवार

वळीव रोज संध्याकाळी, आणि त्याच्या आधी अचानक सुटणारं वारं. हंगाम बंद. दोन्ही बोर्ड गोड्या पाण्यानं धुतले, सावलीत पूर्ण वाळवले. एक सैलसर गुंडाळला आणि पिशवीसकट तुळईला टांगला. खाली ठेवला तर उंदीर सोडणार नाहीत, ताडपत्रीचा माझा अनुभव आहे. दिवाळीच्या आधी घ्यायचं : चार इंची फिन, वॉल्व्हचं एक वॉशर, बांबूला नवी रिबन.

दुसरा गुंडाळायला घेतला तर अक्का मधे आली. ‘दादा, तो राहू दे. दोन स्टुलांवर टाक, सांडगे घालायचेत. खाट कमी पडतेय आणि हा एकदम सपाट हाय.’

वर धुतलेलं धोतर अंथरून दिलं. आधी दाब पाचवर आणला.